आकाराम आबांचं नाक

रहिमतपूरहून कोरेगावकडं जाताना एक लहानसं गाव लागतं. तिथं आकाराम आबांचं घर विचारलं, की लोक आधी त्यांच्या नाकाबद्दल सांगतात आणि मग घर दाखवतात. घाईत असलेल्या माणसानं तिथं पत्ता विचारूच नये.

आबा एकतीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडत होते. पहाटे विहिरीवरची मोटर चालू करायची, मग टाकीच्या एक्क्याऐंशी पायऱ्या चढायच्या आणि बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची पावडर, कालवून ते औषध टाकीत ओतायचं. पावडर किती घ्यायची याचा तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लावलेला होता. आबांनी तो कधी वाचला नाही. बादली ढवळायची, तिच्यावर वाकून एक दीर्घ श्वास घ्यायचा, चिमूटभर पावडर आणखी टाकायची आणि ‘बास’ म्हणायचं, इतकंच त्यांचं माप. गंमत म्हणजे ते बरोबर यायचं. तालुक्याहून तपासणीला आलेल्या मुलीनं तीनदा नमुना घेतला आणि तिन्ही वेळा आकडा जिथल्या तिथं सापडला. तेव्हापासून गाव सुटलंच. आबांना म्हणे ओंजळीतल्या पाण्याच्या वासावरून कुठल्या गल्लीतला पाइप फुटलाय ते कळायचं. कुणाच्या विहिरीत बेडूक मेलाय हे त्यांनी बांधावरूनच सांगितलं म्हणे. यातलं निम्मं खोटं होतं. आबांनी ते स्वतः कधी सांगितलं नाही आणि कुणी सांगितलं तर खोडूनही काढलं नाही. आपल्याबद्दल चांगलं खोटं बोललं जात असताना मध्ये तोंड घालायला फार मोठं मन लागतं, ते बऱ्याच जणांकडं नसतं.

मग ते आजाराचं साल आलं. आबा पंधरा दिवस कोरेगावात शाळेच्या वर्गात खाटेवर पडून होते. ताप गेला, खोकला गेला, ते चालत घरी आले. वास मात्र आला नाही. बाकीच्यांचा महिनाभरात परतला, आबांचा कुठं अडकला कोण जाणे. टाकीवर जाऊन त्यांनी टीसीएलच्या पोत्यात तोंड घातलं, तर पिठाच्या डब्यात घातल्यासारखं. डोळे जरा चुरचुरले, नाकाला पत्ता नाही. येईल दोन दिवसांत, म्हणत त्यांनी अंदाजानं पावडर टाकायला सुरुवात केली. पण ते पोतं जुनं होतं, त्यातला कस उडून गेलेला होता आणि ते सांगणारं नाक जागेवर नव्हतं. आठ दिवसांनी आरोग्य केंद्राच्या बाईंनी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. ते पांढरं ते पांढरंच राहिलं. आठ दिवस सगळं गाव बिनऔषधाचं पाणी पीत होतं. नशिबानं कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. आबांच्या घशाखाली मात्र दोन दिवस घास उतरला नाही.

त्यांनी साताऱ्याला जाऊन स्वतःच्या पैशानं ओटीची डबी आणली, मोजायचा चमचा आणला, भिंतीवरचा तक्ता पाठ केला आणि रोज थेंब टाकून बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह सोडला नाही. पण नाक गेलं हे कुणाला सांगितलं नाही. वर्षभरानं ते निवृत्त झाले. पंचायतीनं सत्कार केला. सरपंचांच्या भाषणात पाणी दोनदा आणि नाक अकरा वेळा आलं. आबांनी हातातला गुलाबांचा गुच्छ नाकाशी नेला आणि ‘वा’ म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरीही तेच. रोज सकाळी मनुबाई चहाचा कप पुढं ठेवायच्या. आबा कपावर वाकायचे आणि म्हणायचे, “गवती चहा झकास पडलाय आज.”

“व्हय का?” म्हणून मनुबाई आत जायच्या. चार वर्षं हा संवाद एका शब्दानंही बदलला नव्हता.

यंदा मार्चच्या शेवटी एका सकाळी आबांच्या दारात एक पांढरी उंच गाडी येऊन थांबली. गाडी कसली, घरच होतं ते. आत ओटा, शेगडी, पलंग, एवढीशी मोरी आणि बसायच्या बाकाखाली ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. गाडीतून सांगलीचे मधु सोवनी आणि त्यांच्या पत्नी पद्माताई उतरले. सोवनी सर कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी पोरांना हिमनद्या शिकवल्या आणि स्वतः बर्फ पाहिला तो फ्रिजमधला. म्हणून या वयात ही गाडी घेऊन दोघं थेट हिमाचलात गेले होते. तिथं ऐन थंडीत गाडीतलं पाणी गोठायला लागलं. पाणी गोठलं की फुगतं आणि नळ्या फोडतं, हे सरांना पुस्तकातून माहीत होतं, पण पुढं काय करायचं ते पुस्तकात नव्हतं. ते सांगायला भेटला आबांचा जयराज. तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हवालदार. एमएच दहा ही सांगलीची पाटी बघून तो आपणहून धावत आला, टाकी रिकामी केली, गिझरची वाट बंद केली आणि सगळ्या नळ्यांमधून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवलं. ते गोठत नाही, त्यामुळं नळ्या वाचल्या.

“पण निघताना त्यानं बजावलं,” सर म्हणाले, “हे सगळं धुऊन निघाल्याशिवाय आणि टाकी औषधानं शुद्ध केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. आणि हे काम आमच्या आबांशिवाय कुणाला द्यायचं नाही. म्हणून घरी न जाता आधी तुमच्याकडं आलो.”

आबांची छाती जरा वर आली. लेकानं आपल्या नावानं हजार कोसांवरून गाडी धाडली म्हणजे काय चेष्टा आहे?

“आणि थांब्यावर पत्ता विचारला, तर काय सांगू तुम्हाला!” पद्माताई म्हणाल्या. “ते म्हणाले, आबांनी नुसतं हुंगलं तरी लॅबची गरज नाही. मी तर निर्धास्तच झाले. रविवारी आमची ऋचा बाळाला घेऊन येतेय, आम्ही सगळे या गाडीतून चार दिवस कोयनानगरला जाणार. दहा महिन्यांची नात आहे हो. तिची पेज, तिची बाटली, सगळं याच पाण्यात.”

छाती होती तिथं परत आली. दहा महिन्यांचं पोर आणि आपलं हे असलं नाक. आबांनी खिशातली ओटीची डबी चाचपली.

“डबा हाय का त्या गुलाबीचा?” त्यांनी विचारलं.

सरांनी रिकामा कॅन आणला. आबांनी त्यावरचं सगळं त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. रेडिएटरमध्ये घालतात ते वेगळं, ते विष. हे पिण्याच्या नळ्यांसाठीचंच होतं, पोटात थेंब गेला तर माणूस मरत नाही. “पर म्हणून त्याचा चहा करायचा नसतो,” आबा म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. “नळ किती गाडीला?”

“चार.”

आबांनी गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला एक झाकण उघडून दाखवलं. आत पाय धुवायचा पाचवा नळ होता. सर ओशाळले. जयराजनं तोही भरला होता, मालकालाच तो आठवत नव्हता.

मग काम सुरू झालं. टाकीत गावच्या नळाचं पाणी भरलं, गाडीतला छोटा पंप टर्र करून चालू झाला आणि आबांनी एकेक नळ सोडला. ओट्याच्या नळातून आधी गडद गुलाबी आलं, मग फिकट, मग पांढरं. पांढरं दिसलं म्हणून सर नळ बंद करायला गेले.

“थांबा की सायेब. डोळ्याला फसवतंय ते.” आबांनी बाटलीत पाणी घेऊन खळाखळा हलवलं. वर फेस आला आणि तसाच बसून राहिला. “हे बगा. रंग गेला, पर माल अजून आतच हाय.” पुन्हा पाणी, पुन्हा बाटली. मोरीतला फवारा, संडासाचं फ्लश, गरम पाण्याची नळी, मागचा नळ, सगळ्यांची बाटली हलवून झाली. फेस हलवताक्षणी विरायला लागला तेव्हाच आबांनी मान डोलावली. मनुबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “आवं, ते पाणी माझ्या कडीपत्त्याकडं न्हेऊ नगासा!” आबांनी पाइप गटाराकडं वळवला.

पाण्याचा फिल्टर काढून बाजूला ठेवला. नव्या टीसीएलचे सपाट चमचे मोजून बादलीत कालवले. अर्धा तास तसंच ठेवलं, चुना खाली बसला, तेव्हा वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. चुना आत गेला तर पंप बसतो. गिझरची वाट उघडली. प्रत्येक नळ सोडून त्याच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले. थेंब पडताच पाणी तांबडं-भगवं झालं, म्हणजे जोरकस औषध त्या टोकापर्यंत पोचलं. पाचही नळ्या भगव्या झाल्यावर आबा म्हणाले, “आता चार तास याला कुणी हात लावायचा न्हाई. चला जेवायला.”

सर हे सगळं वहीत लिहून घेत होते. “पण आबा, तुम्ही एकदाही वास घेतला नाहीत,” ते म्हणाले.

“आधी काम, मग नाक,” आबा म्हणाले आणि पटकन हात धुवायला गेले.

ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि दही. पद्माताई दीड भाकरी जेवल्या आणि त्यांनी मनुबाईंशी गट्टी केली. दुपारी दोघी रहिमतपूरच्या बाजारात जाऊन आल्या. चार वाजता आबांनी टाकी रिकामी केली, तीनदा धुतली, पाचही नळांतून पाणी वाहवलं, नवा फिल्टर बसवला आणि गावच्या नळाचं ताजं पाणी भरलं. त्याची चाचणी लगेच घ्यायची नाही, तासभर पाणी टाकीत मुरू द्यायचं आणि मग बघायचं, हा त्यांचा नियम. क्लोरीन टिकलं तर टाकी स्वच्छ. ते हातपाय धुऊन कट्ट्यावर टेकले आणि दिवस पार पडला म्हणून खूश झाले.

तासाभरानं त्यांनी ओट्याच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं. पाच थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं.

त्यांनी पुन्हा घेतलं. पांढरं. औषधच शिळं झालं की काय म्हणून अंगणातल्या नळाचं घेतलं. ते छान पिवळं झालं, हरभऱ्याच्या डाळीच्या पाण्यासारखं. म्हणजे ओटी बरोबर, गावचं पाणी बरोबर, आणि टाकीत मात्र कोणीतरी क्लोरीन खाऊन टाकत होतं. तीनदा धुतलेल्या टाकीत राहिलंय तरी काय? ते आठ दिवस त्यांना जसेच्या तसे आठवले.

तेवढ्यात पद्माताई गाडीतून हसतच बाहेर आल्या. हातात पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास. सरांनी मोबाइल पुढं धरलेला. “ऋचाला पाठवायचाय व्हिडिओ,” ते म्हणाले. “आबा, आता खरी परीक्षा. हुंगून सांगा, पाणी कसं आहे?”

ग्लास नाकाखाली आला. आबांनी डोळे मिटले आणि सत्काराच्या दिवशी घेतला होता तसा श्वास घेतला. आत काही नाही. पण गेली चार वर्षं ते यातूनच तरून जात आले होते. टीसीएलनं धुतलेल्या पाण्याला कसला वास येणार? ते गंभीरपणे म्हणाले, “जरासा औषधाचा वास हाय. येऊ द्या. उद्यापातूर उडून जाईल.”

सरांनी मोबाइल खाली केला, ग्लास स्वतःच्या नाकाला लावला आणि गोंधळून बायकोकडं बघितलं. मग पद्माताई खळखळून हसल्या. “काय आबा! चेष्टा करताय होय आमची?”

आता फक्त हसायचं होतं. आबाही हसले असते, तर सगळं तिथंच मिटलं असतं. गाडी सांगलीला गेली असती, नाक गावात राहिलं असतं. दारात मनुबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या आणि आबांकडंच बघत होत्या. आबांच्या हातात पांढऱ्या पाण्याची नळी होती. रविवारी त्या पाण्यात दहा महिन्यांच्या पोरीची बाटली भरणार होते.

आबा गाडीच्या पायरीवर बसले.

“चेष्टा न्हाई ताई,” ते म्हणाले. “मला वासच येत न्हाई. त्या आजारात गेला, त्यो परत आलाच न्हाई. चार वर्सं झाली. गाव सांगतंय ते माझं नाक कवाच गेलं. मी कुणाला बोललो न्हाई, लाज वाटायची. तुमाला बी खोटंच सांगितलं आत्ता. पर ही ओटी खोटं सांगत न्हाई. टाकीत कायतरी हाय, ते औषध खातंय. तुमाला कसला वास येतोय, तेवढं मला सांगा.”

पद्माताईंचं हसू मावळलं होतं. “वाळ्याचा,” त्या हळूच म्हणाल्या. “बाजारात ताजा वाळा मिळाला. उन्हाळ्यात आमच्याकडं माठात घालतात. इतकं स्वच्छ पाणी भरलंत, म्हटलं त्याला वास पण छान यावा. फडक्यात जुडी बांधून टाकीत सोडली.”

आबा ताडकन उठले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. चोर सापडला होता! “आवं ताई, वाळा माठात! माठ रोज उपसतोय आपण. ही बंद टाकी, वरनं ऊन. ती मुळं आधी औषध खाणार आणि मग आत कुजणार. चार दिवसांत पाण्याचं काय हुईल?”

“मी तर त्या पाण्याचीच पेज...” म्हणता म्हणता पद्माताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“झालं न्हाई न्हवं? मग झालं तर,” आबा म्हणाले. जुडी बाहेर काढली. टाकी पुन्हा रिकामी. पुन्हा मोजून औषध, पुन्हा भगवं पाणी, पुन्हा चार तास, पुन्हा धुणं. या वेळी पद्माताईंनी पदर खोचला आणि पाइप स्वतः धरला. मनुबाई मात्र आबांशी एक शब्द बोलल्या नाहीत, सरळ आत निघून गेल्या. आबांना वाटलं, रागावली. चार वर्षं बायकोपासून चोरून ठेवलं म्हटल्यावर रागावणारच.

रात्री शेवटचं पाणी भरून तास मोजत बसले होते, तोच जयराजचा फोन आला. आबांनी फोन उचलला आणि तो काही विचारायच्या आत एका दमात सगळं सांगून टाकलं. “माझं नाक गेलंय रं. तुला सांगाय पायजे हुतं. तू भरवशानं माणसं धाडलीस आणि मी...”

“आबा, मला ठाऊक हाय,” जयराज म्हणाला.

“काय ठाऊक हाय?”

“नाकाचं. आईनं त्याच साली सांगितलं.”

“आणि तरी तू गाडी माझ्याकडं धाडलीस?”

“म्हणून तर धाडली,” जयराज म्हणाला. “नाक हुतं तवा तुमी अंदाजानं टाकत हुता, आबा. लय मोठं नाक हुतं, पर अंदाजच त्यो. गेल्यापासनं तुमी मोजल्याबिगर थेंब सोडला न्हाई. लहान पोराचं पाणी हाय. मला मोजणारा माणूस पायजे हुता.”

आबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मग उगीच गाडीचा मागचा नळ पुसत राहिले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात इतकं बरं त्यांना कुठल्या सत्कारातही वाटलं नव्हतं.

तास भरला. पाचही नळांचं पाणी ओळीनं नळ्यांमध्ये घेतलं. पाचही नळ्या पिवळ्या झाल्या. सरांनी त्याचाच फोटो काढून ऋचाला पाठवला. निघताना पद्माताईंनी आबांकडून ओटीची एक डबी मागून घेतली, रोज सकाळी बघेन म्हणाल्या, आणि वाळ्याची जुडी मनुबाईंच्या माठाला ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाईंनी नेहमीसारखा कप पुढं ठेवला. आबा सवयीनं वाकले आणि मग थांबले.

“गोड हाय, गरम हाय,” ते म्हणाले. “वासाचं मला कळत न्हाई. तूच सांग.”

मनुबाई आत गेल्या नाहीत. त्या शेजारी टेकल्या, कप उचलून नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “गवती चहाचा हाय. आज घातलाय.”

“आज? म्हंजे रोज...”

“चार वर्सं न्हाई घातला.” मनुबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. “तुमी कोरेगावातनं आला, त्या दिसात एकदा घालायचा इसरले. तुमी म्हनला, झकास पडलाय. तवाच कळलं मला. म्हटलं, ह्यास्नी येत न्हाई तर पाती कशाला तोडायची? आपनहून सांगतील तवा घालू.”

आबा असे हसले, की धक्क्यानं मनुबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. मनुबाईंनी बशी सरळ केली, कपातला एक घोट स्वतः घेतला आणि कप त्यांच्या हातात दिला.

“प्या आता,” त्या म्हणाल्या. “लय छान वास सुटलाय.”